आडतीची गादी आणि मधली बॅच

मी गादी बोलतेय. झोपायची नव्हे, बसायची. हा फरक आधीच सांगून टाकते, कारण तो न कळल्यामुळे माझा आयुष्यात फार अपमान झाला आहे. झोपायच्या गादीवर माणूस घोरतो, लाळ गाळतो, लेकरं तिच्यावर नको ते करतात आणि मग तिला गच्चीवर वाळत टाकतात. माझं तसं नाही. माझ्यावर माणसं चपला काढून येत, आधी मला हात लावत, तो हात कपाळाला लावत आणि मगच बसत. लातूरच्या गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, महादेवप्पांच्या आडत दुकानाची मी गादी. सहा फूट लांब, पाच फूट रुंद, अंगावर पांढरी खोळ आणि मागे दोन लोड.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. त्या साली महादेवप्पा देवणीकडचं गाव सोडून लातूरला आले. वय सव्वीस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि डोक्यात आडत दुकान काढायचं खूळ. आडत दुकान म्हणजे शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा आणि विकून द्यायचा. आता दुष्काळात माल कुठला? लोक हसले. ‘‘बाजारात दाणा न्हाई आन् ह्यो आडत काढून राहिला,’’ असं म्हणत हसले.

माझ्यात भरायला कापूसही मिळेना. शेवटी त्यांच्या आईने, बसम्मांनी, स्वतःच्या लग्नात आलेल्या दोन गाद्या फोडल्या. निजामोद्दीन पिंजारी आला, दोन दिवस ओट्यावर बसून त्यानं तो कापूस पिंजला, मला ठासून भरलं, टाके घातले आणि वर बसून पाहिलं. ‘‘बसम्मा, पन्नास वर्षं हिला काय बी होत न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘फक्त हिच्यावर कुणाला उड्या मारू देऊ नका.’’

हे वाक्य ध्यानात ठेवा.

पुढं पाऊसपाणी बरं झालं, माल आला, दुकान चाललं. मी बसल्या जागी माणसं ओळखायला शिकले. शेतकरी अगदी काठावर बसतो, निम्मा माझ्यावर आणि निम्मा फरशीवर, जणू पूर्ण बसलं तर कुणी उठवेल. मोठा व्यापारी मधोमध बसतो. खोटं बोलणारा एका जागी राहत नाही, बोलता बोलता या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर जातो. महादेवप्पांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पांना समोरच्याच्या तोंडावरून जे कळायचं नाही ते मला खालून कळायचं. पण मला विचारतो कोण?

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. त्याआधी एका शिक्क्यासाठी उस्मानाबादला खेटे घालावे लागत. जिल्हा झाल्यावर आठ दिवस गावातला प्रत्येक माणूस माझ्यावर जरा जास्तच जोरात बसत होता. नवे साहेब आले, नव्या जीपा आल्या. एक साहेब तर बुटासकट पाय वर घेऊन बसले. अप्पा मुनिमाला हाक मारून साहेबांसमोरच म्हणाले, ‘‘खोळ बदल.’’ साहेब पुन्हा आले तेव्हा मोजे काढून आले.

एक रीत मात्र सांगायलाच हवी. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, अशी मोजणी. हंगामाचं पहिलं पोतं काट्यावर चढलं की अप्पा माझ्यावर बसून खणखणीत आवाजात ‘‘लाभ!’’ म्हणायचे. त्या आवाजानं माझे टाकेसुद्धा थरथरत. वर्षभर मी त्या एका हाकेची वाट पाहायची.

पण मग ती दोन वर्षं आली. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ती. नळाला दहा दहा दिवस पाणी नाही, शेतात तर काहीच नाही. गंजात पोत्यांऐवजी रिकाम्या घागरींच्या रांगा लागल्या. काट्यावर धूळ बसली. हमाल बसले, मुनीम गावी गेला. अप्पा तेवढे रोज सकाळी पूजा आटोपून माझ्यावर येऊन बसायचे आणि संध्याकाळी उठून जायचे. वय सत्तर झालेलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘‘दुकान चालू हाय की.’’

त्यांचा मुलगा विरूपाक्ष एक दिवस घसा खाकरत म्हणाला, ‘‘अप्पा, दालन रिकामंच हाय. हंगाम येईस्तोवर कुणाला वापरायला देऊ का?’’

‘‘कुणाला?’’

‘‘एक नाचाचा क्लास हाय. मॉडर्न डान्स. मंगल कार्यालयात भरत होता, पण कार्यालयात पाणी न्हाई म्हणून ते बंद पडलंय. नांदेडच्या मॅडम शिकवायला येतेत.’’

अप्पा म्हणाले, ‘‘देऊ. पण गादी हलणार न्हाई. आन् मी गादीवरून उठणार न्हाई.’’

विरूपाक्षानं बापाला सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट सोडून. त्या क्लासात त्याची बायको, म्हणजे अप्पांची सून शिवकांता, तीन वर्षांपासून जात होती. खरं तर तिनं मुलीचं नाव घातलं होतं. मुलगी महिनाभरात कंटाळली. वर्षाची फी भरलेली होती म्हणून मुलीच्या जागी आई जाऊन उभी राहिली, ती राहिलीच. अप्पांना वाटत होतं, सून संध्याकाळी बसवेश्वरांच्या वचनांच्या पाठाला जाते.

क्लासाच्या मॅडमचं नाव मलिका. नांदेडहून आठवड्यातून तीन दिवस बसनं यायच्या. येताना दोन कॅन पाणी आणायच्या, फरशी पुसायला. त्या पाण्याची गंजात इतकी चर्चा झाली की पहिल्या आठवड्यात नाव घालायला आलेल्या निम्म्या बायका नाचापेक्षा कॅनकडेच बघत होत्या. फरशी पुसून झालेलं पाणी अप्पांच्या बेलाच्या झाडाला जायचं, असा करार झाला.

क्लासात तीन बॅचेस. पहिली, मधली आणि वरची. पहिल्या बॅचला गर्दी असते, कारण तिथं हात वर करून गिरकी घेतली तरी टाळ्या मिळतात. वरच्या बॅचला कुणीच नसतं. आणि मधल्या बॅचमध्ये माणूस एकदा शिरला की बाहेर पडत नाही. पाटीवर ‘इंटरमीजिएट’ लिहिलेलं पाहून शेजारचे दुकानदार विचारायचे, ‘‘चित्रकलेची परीक्षा हाय का?’’

पहिल्या दिवशी मधल्या बॅचच्या अकरा बायका दालनात आल्या. अप्पा माझ्यावर बसलेले. परक्या लेकीबाळींकडे बघणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी सरळ माझ्यावर फिरून भिंतीकडे तोंड केलं. चव्वेचाळीस वर्षांत मी त्यांची पाठ दाराकडे कधी पाहिली नव्हती. मला त्यांचा अभिमान वाटला.

मग मलिका मॅडमनी आपले तीन मोठे आरसे आणले. सगळ्या भिंतींना फळ्या नाहीतर खिडक्या. रिकामी भिंत एकच, अप्पांच्या तोंडासमोरची. आरसे तिथंच लागले.

आता अप्पांना भिंतीकडे तोंड करून सगळी मधली बॅच दिसू लागली, आणि ती वळून बघितल्यावर दिसली असती त्याहून जास्त चांगली. पुन्हा फिरावं तर समोर बायका. उठावं तर शब्द मोडतो. बिचारे बसून राहिले. आणि तिसऱ्या रांगेत, काळी पँट आणि सैल सदरा घातलेली, केसांचा अंबाडा बांधलेली बाई कोण आहे हे त्यांना दिसलं.

माझ्यावरचं त्यांचं वजन एकदम वाढलं. तिनंही आरशात त्यांना पाहिलं. पण अप्पा भिंतीकडे बघत होते, म्हणजे त्यांना काही दिसत नव्हतं. आणि ती त्यांच्या पाठीमागे होती, म्हणजे तीही दिसत नव्हती. दोघांनी न बोलता हे ठरवून टाकलं. चार वाजता शिवकांता डोक्यावर पदर घेऊन सासऱ्याला चहा आणून द्यायची. सव्वाचारला ती दुसऱ्या दारानं पँट घालून यायची. सहाला पुन्हा पदर घेऊन कप उचलायची. अप्पा विचारायचे, ‘‘पाठाला जाऊन आलीस का?’’ ती म्हणायची, ‘‘हाव मामा.’’ आरसा गप्प बसायचा.

मधल्या बॅचला मुख्य शिकायचं म्हणजे पडणं. मला आधी वाटलं, पडायला काय शिकायचं? लातुरात बायका पाण्याच्या टँकरमागे धावताना रोज पडतात. पण हे वेगळं. धावत यायचं, एक गिरकी घ्यायची, श्वास सोडायचा आणि उजव्या कुशीवर फरशीवर उतरायचं. उजवा हात लांब फरशीवर सरकवत न्यायचा आणि त्याच्या मागोमाग मांडी, कंबर, बरगड्या, खांदा. तसं पडलं की लागत नाही. पण त्यासाठी सगळं वजन सोडून द्यावं लागतं. मलिका मॅडम ओरडायच्या, ‘‘वजन धरून नका ठेवू! फरशीला देऊन टाका बिलकुल!’’

फरशी शहाबादी. ती काही घेत नव्हती. आठवड्याभरात अकरा जणींची कोपरं काळीनिळी झाली. मॅडमनी भीत भीत विचारलं, ‘‘अप्पा, ही गादी मधे घेऊ का? पोरींना पडायला.’’

अप्पा भिंतीला म्हणाले, ‘‘गादीवर बसतेत. पडत नस्तेत.’’

मी मनात म्हटलं, शाबास.

दुसऱ्या दिवशी शिवकांता अशी आपटली की तिचं डावं मनगट टम्म सुजलं. संध्याकाळी तिनं कप एकाच हातानं उचलला, दुसरा पदराखाली. अप्पांनी पदराकडे पाहिलं. पाठाबद्दल विचारलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दालनाच्या मधोमध पडले होते आणि अप्पा भिंतीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर, तोंड आरशाकडे. मॅडम दारातच थांबल्या. अप्पा भिंतीला म्हणाले, ‘‘गादीला ऊन दाखवायला काढलीय. आता तिच्यावर कोण पडलं, कोण उठलं, मला काय दिसणार?’’ दालनाच्या मधोमध ऊन येत नाही. चव्वेचाळीस वर्षांत आलेलं नाही.

मला काय वाटलं असेल? निजामोद्दीनचे शब्द आठवले. खोळीच्या आत मी रागानं फुगले. पहिली आली सिंधू, बँकेत कारकून आहे ती. धावत आली, माझ्यापाशी आली आणि गचकन थांबली. वाकून तिनं मला हात लावला, कपाळाला लावला, मग पुन्हा मागे जाऊन धावत आली आणि पडली.

‘‘हे मधेच काय?’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘गादी हाय ना मॅडम. पाय लागतो.’’

दुसरीनं तेच केलं. तिसरीनं तेच. अकरा जणी, अकरा नमस्कार. आडतीच्या गादीला पाय लावायचा म्हणजे आधी क्षमा मागायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अंगातच होतं. मॅडमनी रागावून पाहिलं, विनवून पाहिलं, ‘नमस्कार घरून करून या’ असंही सांगून पाहिलं. महिनाभरानं त्यांनी हात टेकले. ‘‘धावायला चार मोजत होतो, आता सहा मोजायचे. दोन नमस्काराचे.’’ माझा राग तिथंच गेला. मान ठेवून कुणी पडत असेल तर पडू दे.

पण शिवकांता काही नीट पडेना. मला खालून कळत होतं. बाकीच्या जणींचं ओझं माझ्यावर उजव्या अंगानं उतरायचं, चादर पसरावी तसं. हिचा आधी डावा तळवा यायचा, धाडकन. सगळं वजन त्या हातावर टांगलेलं. मग उरलेली बाई कशीबशी खाली. याच पडण्यावरून ती मधल्या बॅचच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती.

एक दिवस मॅडम तिला बाजूला घेऊन माझ्याच काठावर बसल्या. ‘‘शिवकांता, दसऱ्याच्या आधी शेवटची परीक्षा. हंगाम सुरू झाला की हे दालन जाईल, आणि नांदेडहून मी तरी किती खेपा करू? तू पास झालीस तर लातूरची लहान मुलांची बॅच तुझी. तू शिकव, तू चालव. नाही झालीस तर इथला क्लास बंद. दुसरं कुणी नाही माझ्याकडे.’’

शिवकांता बसली होती ती शेतकऱ्यासारखी, अगदी काठावर. लग्नाला अठरा वर्षं झालेली. विरूपाक्षाची बायको, अप्पांची सून आणि मुलीची आई म्हणूनच तिला गंज ओळखत होता. ‘‘तिची बॅच’’ असं काही तिच्या वाट्याला पहिल्यांदाच येऊ घातलं होतं. मला ती फार आवडायची हो. तिनं पास व्हावं असं मला इतकं वाटलं की मी अजून मऊ व्हायचा प्रयत्न केला.

आणि मग भिंतीकडून आवाज आला. ‘‘तिसऱ्या वळीतलं वजन डाव्या हाताला अडकून राहिलंय.’’

मॅडम वळल्या. ‘‘अप्पा, तुम्हाला कसं कळलं? मी वर्षभर हेच सांगून राहिले.’’

‘‘मला काय दिसतंय? मी भिंतीकडं बगून राहिलो.’’ मग म्हणाले, ‘‘चव्वेचाळीस सालं काटा बगितलाय. पोतं सोडताना हमालानं हात तसाच खाली ठिवला तर काटा खरं सांगत न्हाई. हात काढला की सांगतो.’’

‘‘पण तो हात खाली का जातो?’’

ते शोधायला अप्पा दर क्लासला बघू लागले, म्हणजे भिंतीकडे. पोत्यात लोखंडी नळी खुपसून आतला दाणा पारखतात तसे बारीक डोळे करून. चौथ्या क्लासला त्यांना कळलं, आणि कळलं तसे ते खुर्चीवर ताठ झाले. पडताना शिवकांता वाकली की तिचा उजवा हात, जो लांब सरकायचा, तो डोक्याकडे जात होता. पदर ओढायला. डोक्यावर पदर नव्हता, अंगात साडीच नव्हती, तरी हात जात होता. उजवा हात वर गेला की डावा घाबरून खाली टेकत होता. अठरा वर्षं सासऱ्यासमोर वाकताना तिनं जे केलं, तेच.

अप्पा दुसऱ्या दिवसापासून दालनात आले नाहीत. बाहेर ओट्यावर, उन्हात बसू लागले. गादीवरून उठणार नाही म्हणालेला माणूस आता दालनही सोडून बसला! त्यांना वाटलं, आपण नसलो की हात सुटेल. हात सुटला नाही.

‘‘अप्पा तर भायेर हायत,’’ सिंधू म्हणाली. ‘‘आता कशाला डोक्याला हात?’’

‘‘मला काय म्हाईत?’’ शिवकांता रडकुंडीला आली. ‘‘हात माझं ऐकतच न्हाई.’’ आणि माझ्यावर बसून ती खरंच रडली. खोळीवर दोन डाग पडले. पाणी नव्हतं म्हणून ते तसेच राहिले.

हे ओट्यावर ऐकू गेलं असावं. कारण पुढच्या क्लासला अप्पा आत आले, खुर्चीवर बसले, तोंड आरशाकडे केलं आणि एक वाटी पाठीमागे, माझ्या कडेला ठेवली. वाटीत तूर. घरातल्या शेवटच्या पोत्यातली.

‘‘ज्याचा उजवा हात रिकामा हाय,’’ ते भिंतीला म्हणाले, ‘‘त्यानं मूठ भरून घ्यावी. पडताना एक दाणा सांडायचा न्हाई. यंदा तूर देवाला दाखवायला मिळंना.’’

शिवकांतानं वाटीकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं. अठरा वर्षांत सासरा तिच्याशी एवढं लांब कधी बोलला नव्हता, आणि तेही भिंतीशी बोलत होता. तिनं मूठ भरली. मला नमस्कार केला, डाव्या हातानं, म्हणजे तेवढंही चुकीचं. चार मोजत धावली, गिरकी घेतली, वाकली. हात डोक्याकडे निघाला, आणि मुठीतली तूर आठवली. भरल्या मुठीनं पदर कसा ओढणार? हात गोंधळला आणि बाजूला गेला, लांब. त्याच्यामागे ती आली. मांडी, कंबर, बरगड्या, खांदा. मला तिचं खरं वजन पहिल्यांदा कळलं. बाई चांगली भक्कम होती.

‘‘वाह!’’ मलिका मॅडम ओरडल्या. अप्पा भिंतीकडे बघत मिशीत हसले. चार दाणे सांडले होते, ते माझ्या टाक्यात गेले. दोन दिवसांनी मुंग्या आल्या, पण त्याबद्दल मी तक्रार केली नाही.

त्या पावसाळ्यात अखेर पाऊस झाला. परीक्षेच्या दिवशी पुण्याहून एक बाई आल्या. चष्मा, कडक इस्त्री, हातात कागद. आल्या आल्या म्हणाल्या, ‘‘ही गादी बाजूला घ्या. या पातळीला फरशीवरच पडायचं असतं.’’

अकरा जणींनी मला उचललं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. चव्वेचाळीस वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी उभं केलं. तिथून मला सगळं दालन दिसत होतं, आणि मी कुणाच्याही कामाची नव्हते.

दहा जणी झाल्या. जी ती मोकळ्या फरशीला वाकून हात लावायची, कपाळाला लावायची आणि मग पडायची. परीक्षक बाई दर वेळी कागदावर काहीतरी लिहायच्या. शेवटी शिवकांता उभी राहिली, मूठ आवळून. आणि नेमका तेव्हाच दारात टेम्पोचा हॉर्न वाजला.

विरूपाक्ष धावत आला. ‘‘अप्पा! माल आला! औशाकडून ज्ञानोबा सोयाबीन घिऊन आलेत, चौदा पोती! गादी टाका खाली!’’

दोन वर्षांनी आलेलं पहिलं पोतं. हमाल कुठून कुठून धावत आले, कुणी काटा पुसला, कुणी नारळ आणला. हंगामाचा पहिला माल दारात थांबवून ठेवत नाहीत, तो अपशकुन. अप्पा दारात उभे, एका बाजूला ज्ञानोबा, दुसऱ्या बाजूला सून. मी भिंतीला उभी. मला वाटलं, झालं, संपलं हिचं.

‘‘ज्ञानोबा, जरा दम धरा,’’ अप्पा म्हणाले. ‘‘आत माप चालू हाय.’’

‘‘कशाचं माप? आत तर बायकाच हायत की.’’

‘‘बगा तर.’’ आणि अप्पा वळले. आरशाकडे नाही, भिंतीकडे नाही. सरळ सुनेकडे तोंड करून उभे राहिले.

आता आडपडदा उरला नाही. शिवकांतानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मूठ आणखी आवळली.

‘‘तुमच्या हातात काय आहे?’’ परीक्षक बाईंनी विचारलं.

‘‘तूर.’’

‘‘तूर? ती ठेवा. हात मोकळे हवेत.’’

तिनं मूठ मलिका मॅडमच्या ओंजळीत रिकामी केली. दाणे पडायचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग ती जागेवर गेली, वाकली, फरशीला हात लावला, कपाळाला लावला. चार मोजत धावली. गिरकी घेतली. श्वास सोडला. उजवा हात उठला, डोक्याच्या दिशेनं उठला, सासरा समोर होता, मला बघवेना, पण उभ्या गादीला डोळे मिटायची सोय नसते. हात कानापर्यंत गेला. तिथं मूठ आवळली गेली, रिकामी मूठ. आणि तो हात बाजूला गेला, लांब, फरशीवरून सरसर सरकत, आणि त्याच्यामागे सगळी शिवकांता. कुठं काही अडकलं नाही, कुठं काही राखलं नाही.

धप्प. भरलं पोतं उतरावं तसं.

आणि दारातून आवाज आला, दोन वर्षं न ऐकलेला, खणखणीत, अगदी पूर्वीचा:

‘‘लाभ!’’

माझे सगळे टाके थरथरले. बाहेरच्या हमालांना वाटलं मोजणी सुरू झाली. त्यांनी घाईनं पोतं काट्यावर चढवलं. ज्ञानोबा गोंधळले. ‘‘ओ अप्पा, लाभ कसं म्हणलात? माझं पोतं आत्ता चढलंय!’’

‘‘मग तुमचं दोन,’’ अप्पा म्हणाले. त्या दिवशी चौदा पोत्यांची मोजणी पंधरावर संपली.

पंधरा दिवसांनी कागद आला. शिवकांता पास. खाली परीक्षक बाईंनी लिहिलं होतं, ‘पडणे उत्तम. आरंभीचा नमस्कार कोणत्या शैलीतला आहे, कळवावे.’ मलिका मॅडमनी अजून काही कळवलेलं नाही.

परवा निजामोद्दीनचा मुलगा मोहियोद्दीन मला पुन्हा पिंजायला आला. मधोमध पडलेला खड्डा पाहून त्यानं कपाळाला हात लावला. ‘‘अप्पा, बसून गादी अशी होत न्हाई. कुस्त्या घेऊन राहिले का हिच्यावर?’’ त्यानं मला उसवलं तर आतून तुरीचे चार दाणे निघाले. अप्पांनी ते उचलून सदऱ्याच्या खिशात टाकले.

आता दुकानात नवी गादी आहे. फोमची. तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही. मी मागच्या गोदामात असते. तिथं शिवकांताची बॅच भरते, मंगळवार आणि शुक्रवार, वीस लेकरं. ती पदर खोचून शिकवते, आणि कधी कधी अप्पा खुर्ची घेऊन येतात. भिंतीकडे तोंड करून बसत नाहीत.

मी म्हातारी झाले आहे. मान होता तेव्हा मला वाटायचं, आपल्यावर कुणी पाय ठेवू नये. आता वाटतं, ठेवा, धावत या, पडा. फक्त पडायचं तर पूर्ण पडा, हात राखून नको. तेवढी माझी विनंती. नमस्कार नाही केला तरी चालेल.

केला तर बरं वाटतं.